पाटी आणि गोधडी

पुण्यातल्या त्या बड्या दुकानात जुन्या साड्यांच्या गोधड्या दागिन्यांच्या भावानं विकल्या जात. भिंतीवर पाटी होती, 'आम्ही काहीच फेकत नाही.' एसीच्या गारठ्यात शिवत बसलेल्या अनुसूयाबाईंनी मेलेल्या आईच्या लुगड्यांची गोधडी पांघरली होती. नेमकी तीच एका गिऱ्हाइकाला आवडली.

"देऊन टाका, नाहीतर उद्यापासून येऊ नका," मालकीण गुरकावली.

"देते की! बदल्यात तुमच्या आईच्या साड्या द्या, बाईसाहेब. त्यांची शिवून पांघरीन."

"आईच्या? त्या कधीच फेकल्या!"

गिऱ्हाइकानं पाटीकडं पाहिलं.

"मग आता ती पाटीही फेका," म्हणत अनुसूयाबाई उठल्या. काम गेलं. बाहेर कडाक्याची थंडी होती. त्यांनी आईला अंगाभोवती घट्ट लपेटून घेतलं.