पहिलं गिऱ्हाईक

महिलांना धंदा शिकवणारे धामणस्कर सर भारी कडक. वर्ग मधेच सोडला, तर प्रदर्शनात स्टॉल नाही! आणि मी? एम.ए. झालेली, पण बाळाला घेऊन वर्गात बसायलाही घाबरणारी.

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला कधीही घालवू नका.'

मी मांडीवरच्या मल्हारला नाचणीचं सत्त्व भरवत होते. पहिल्याच चमच्याला त्याने भोकाड पसरलं.

"आधी त्याला बाहेर न्या!" सर गरजले.

घाबरले, पण तोंडातून निघून गेलं, "सर, मी हेच सत्त्व विकणार आहे. हे माझं पहिलं गिऱ्हाईक. तक्रार करतंय. घालवू?"

वर्ग हसला. सर जवळ आले, वाटीत बोट बुडवलं.

"तक्रार खरी आहे, ताई. गरम आहे," म्हणाले आणि स्वतःच फुंकर घालू लागले.