टिचकूला हवं पंधरावं पान

एक होता उंदीर. बोटाएवढा. नाव त्याचं टिचकू.

टिचकू राहायचा शाळेत, खडूच्या डब्यामागं. त्याला होती एक ताई. ताई त्याला पुस्तक वाचून दाखवायची. होडीचं पुस्तक. रोज एक पान.

चौदाव्या पानावर होडी भोवऱ्यात अडकली. गर गर गर गर!

"ताई, पुढं काय?"

"उद्या हं, टिचकू."

पण उद्या ताई नव्हती. ताई देवाघरी गेली.

टिचकू रडला. खूप खूप रडला. मग त्यानं शेपटीनं डोळे पुसले. म्हणाला, "पुढचं पान मी वाचणार!"

पुस्तकांच्या फळीकडे गेला तर काय? फळी रिकामी! शाळा बघायला साहेब येणार होते. पुस्तकं मळतील, म्हणून बाईंनी ती कपाटात ठेवली. वर कुलूप लावलं. साहेब आले. साहेब गेले. कुलूप राहिलंच!

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकू कपाटाकडे गेला.

"कपाटकाका, कपाटकाका,
मला पान मिळेना!
तुम्ही उघडा ना!"

"उंदराला पुस्तक? कुरतडशील!"

"नाही कुरतडणार. वाचणार!"

"कुलूप निघू दे. मग उघडतो."

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकू कडीवर चढला.

"कुलूपमामा, कुलूपमामा,
कपाट उघडेना,
मला पान मिळेना!
तुम्ही निघा ना!"

"उंदराला पुस्तक? कुरतडशील!"

"नाही कुरतडणार. वाचणार!"

"किल्ली फिरू दे. मग निघतो."

तुरुतुरु तुरुतुरु! किल्ली होती खिळ्यावर.

"किल्लीमावशी, किल्लीमावशी,
कुलूप निघेना,
कपाट उघडेना,
मला पान मिळेना!
तू फीर ना!"

"उंदराला पुस्तक? कुरतडशील!"

"नाही कुरतडणार. वाचणार!"

"बाईंनी हातात घेऊ दे. मग फिरते."

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकू बाईंच्या टेबलावर.

"बाई, बाई,
किल्ली फिरेना,
कुलूप निघेना,
कपाट उघडेना,
मला पान मिळेना!
तुम्ही किल्ली घ्या ना!"

बाई टुणकन खुर्चीवर! "अगं बाई, उंदीर! उंदराला पुस्तक? कुरतडशील!"

"नाही कुरतडणार. वाचणार!"

"वाचणार? आमची मुलं तर कधी पुस्तक मागतच नाहीत. मुलांनी मागू दे. मग किल्ली घेते."

तुरुतुरु तुरुतुरु! मुलं होती मैदानावर.

"मुलांनो, मुलांनो,
बाई किल्ली घेईनात,
किल्ली फिरेना,
कुलूप निघेना,
कपाट उघडेना,
मला पान मिळेना!
तुम्ही पुस्तक मागा ना!"

दुर्वा लंगडी घालत होती. "आत्ता? माझ्यावर राज्य आहे रे!"

इरफान म्हणाला, "वाचायचा टोल झालाय का? घंटा वाजू दे. मग मागतो."

तुरुतुरु तुरुतुरु! घंटा होती ओसरीत.

"घंटाआजी, घंटाआजी,
मुलं मागेनात,
बाई किल्ली घेईनात,
किल्ली फिरेना,
कुलूप निघेना,
कपाट उघडेना,
मला पान मिळेना!
तू वाज ना!"

"गणिताचा टोल मला ठाऊक," घंटाआजी म्हणाली. "खिचडीचा टोल मला ठाऊक. वाचायचा टोल? तो कुणी दिलाच नाही रे बाळा! कुणीतरी देऊ दे. मग वाजते."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"कुणीही!"

"मग मीच देतो!"

सरसर सरसर! टिचकू दोरीवर चढला. लोंबकळला. हलला.

टिंग.

"एवढ्यानं कुणाला ऐकू जायचं?" घंटाआजी हसली.

टिचकू मागं सरकला. पुढं झेपावला. मागं... पुढं... मागं... पुढं...

ठण ठण ठणाण!

घंटा वाजली! मुलं धावली!

"कसला टोल गं हा?"

"खिचडीचा!"

"खिचडी तर झाली की! तीनदा घेतलीस!"

"वाचायचा!" टिचकू वरून ओरडला. "वाचायचा टोल!"

धूम ठोकली सगळ्यांनी. "बाई, मला पुस्तक!" "मला चित्रांचं!" "मला भुताचं!"

बाईंचे डोळे हे एवढे मोठे झाले. "मागता का रे? मग घ्या की!"

बाईंनी किल्ली घेतली.
किल्ली फिरली, करकर!
कुलूप निघालं, खट्!
कपाट उघडलं, कुर्रर्र!
आणि टिचकूला मिळालं होडीचं पुस्तक!

"मी वाचून दाखवू?" दुर्वानं विचारलं.

"नको. माझं मी वाचतो."

टिचकू पंधराव्या पानावर बसला. अक्षराखाली शेपटी ठेवली. ताईनं शिकवलं होतं, तसं एकेक अक्षर जोडलं.

"हो... डी... होडी. सु... ट... ली."

टिचकू टुणकन उडाला. "सुटली! ताईऽऽ! होडी सुटली!"

"शूऽऽऽ!" सगळी मुलं एकदम म्हणाली. "आम्ही वाचतोय ना!"

बाई म्हणाल्या, "अरे, पण..."

"शूऽऽऽ, बाई!"

मग बाईंनीही एक पुस्तक काढलं. गुपचूप. खाली बसल्या. टिचकूच्या शेजारीच.

आणि टिचकूनं दोन्ही हातांनी पान उलटलं.

फर्रर्र!

गोष्ट आपली मिटली, पुस्तकं राहिली उघडी.