पारावरचा पहिला

खूप खूप वर्षांपूर्वी, ओढ्यांना नावं होती पण गावांना अजून ठेवायची होती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात इतके ओढे होते की शेजारणीकडे विरजण मागायला जायचं तरी साकव ओलांडावा लागे. साकव म्हणजे लाकडाचा छोटा पूल. म्हणून त्या गावात साकव बांधायला शिकवणारी एक पाठशाळा होती आणि गावाला तिचा भारी अभिमान होता.

त्या वर्षी तिघं जण शिकून बाहेर पडले. परीक्षेत पहिला आला त्याला सगळे पहिला म्हणू लागले, दुसरी आली तिला दुसरी, आणि उरला तो तिसरा. तिसऱ्याला त्याचं वाईट वाटलं नाही. ‘मी तिसरा आलो’ असं तो परगावी छाती काढून सांगे. एकूण तिघंच होतो, हे मात्र सांगत नसे.

पुढे वाटा दोन होत्या. डोंगरावर मोठी पाठशाळा होती. तिथे आणखी पाच वर्षं काढायची आणि नदीवरचे मोठे पूल बांधायची विद्या शिकायची. नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली लगेच कामाला लागायचं. दोन्हीकडे एकेकच जागा. उरलेल्याने घरची शेती बघायची. निवडीचा मान पहिल्याचा, आणि मुदत दसऱ्यापर्यंत.

पहिल्याला लहानपणापासून एकच ध्यास होता. आपल्या हातचा एक तरी पूल असावा आणि माणसांनी त्यावरून ये-जा करावी. पण त्यासाठी आधी शिकावं की आधी कामाला लागावं, हे काही केल्या त्याचं ठरेना.

आता त्या गावाची एक रीत होती. उपाशीपोटी कुणी आयुष्याचा निर्णय घेऊ नये, असं कुण्या पूर्वजाने सांगून ठेवलं होतं. म्हणून ज्याचं ठरत नाही त्याने पिंपळाच्या पारावर बसावं, रोज एका घराने त्याला जेवू घालावं, आणि जो जेवू घालेल त्याने सल्ला द्यावा. बहुतेकांचं तीन दिवसांत ठरे. सल्ले ऐकून ते इतके वैतागत की उठून कुठेतरी जातच.

पहिला मात्र वैतागला नाही. तो नीट ऐके, मान डोलावी आणि ताट पुढे करी. कुणी पुरणपोळी वाढून म्हणे, “शिक बाबा, शिक. विद्या कुठे जात नाही.” कुणी झणझणीत पिठलं वाढून म्हणे, “किती शिकशील? हाताला काम लाव.” गोड खाल्लं की पहिल्याला शिकावंसं वाटे, तिखट खाल्लं की कामाला लागावंसं वाटे. एकादशीच्या दिवशी तर त्याला काहीच वाटत नसे.

एकदा म्हातारा सुतार स्वतः पारावर आला.

“पोरा, येतोस ना? माझे गुडघे आता फार थांबायचे नाहीत.”

“बाबा, अर्ध्या विद्येवर काम सुरू केलं आणि साकव पडला तर?”

“तर ओढ्यात कमरेएवढं पाणी आहे. भिजशील.”

पहिल्याला हे उत्तर फारच उथळ वाटलं. मग डोंगरावरच्या आचार्यांचा निरोप आला: ये, जागा राखून ठेवली आहे. पहिल्याने उलट निरोप धाडला, “पाच वर्षं शिकून शेवटी साकवच बांधावे लागले तर?” उत्तर आलं, “तर चांगले बांधशील.” तेही त्याला पटलं नाही.

दसऱ्याला सकाळी तो म्हणाला, “दुपारी सांगतो.” दुपारी म्हणाला, “संध्याकाळी.” संध्याकाळी तो डोकं धरून बसला आणि गावाने सोनं वाटायला सुरुवात केली. मुदत संपली. दुसरी म्हणाली, “मग मी डोंगरावर जाते,” आणि गेली. तिसरा सुताराकडे गेला.

एखादा रडला असता. पहिला हसला. “अहो, दोघांपैकी एकाची तरी निवड चुकलेली असणारच,” तो म्हणाला. “जो चुकेल तो परत येईल. जी जागा रिकामी होईल ती माझी. म्हणजे ठरवायची कटकटच मिटली.”

केवढा हा दूरचा विचार, असं म्हणून गावाने तोंडात बोट घातलं आणि जेवणाची पाळी चालू ठेवली.

सहा महिने गेले. पाडव्याच्या दिवशी पहिल्याचा अंदाज खरा ठरला. जरा जास्तच खरा ठरला. डोंगराच्या वाटेने दुसरी खाली आली, खांद्यावर घोंगडी टाकून. सुताराच्या घराकडून तिसरा आला, हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन. दोघांची पारासमोर गाठ पडली.

“सहा महिने नुसतं ऐकतेय,” दुसरी म्हणाली. “एका फळीला हात लागलेला नाही. मला नाही जमायचं.”

“मी तीन साकव बांधले,” तिसरा म्हणाला. “शेवटचा वाकडा झाला. का झाला, म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, होतो कधी कधी. पण का होतो, ते कळल्याशिवाय मला आता चैन नाही.”

मग दोघांनी पाराकडे पाहिलं. काही झालं तरी मान पहिल्याचा होता. “तू सांग आधी,” दुसरी म्हणाली. “दोन्ही जागा रिकाम्या आहेत. कुठली घेतोस?”

एक जागा रिकामी होईल, एवढाच पहिल्याचा हिशेब होता. दोन होतील, हे त्याच्या दूरच्या विचारात बसलंच नव्हतं.

“आधी जेवण होऊ दे,” तो म्हणाला. “आज श्रीखंड आहे.”

ती दोघं बिचारी थांबली. त्याने श्रीखंड खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं, मग विचार करायला डोळे मिटले. थोड्याच वेळात पारावरून घोरणं ऐकू येऊ लागलं.

दुसरीने तिसऱ्याकडे पाहिलं. “वर थंडी असते,” असं म्हणून तिने घोंगडी त्याला दिली. त्याने वाकस तिच्या हातात ठेवला. “दांडा जरा सैल आहे, सांभाळ,” एवढंच तो बोलला.

पहिला जागा झाला तेव्हा दोघंही आपापल्या वाटेला लागले होते. तो डोंगराच्या दिशेने दहा पावलं धावला. मग वळून सुताराच्या घराकडे वीस पावलं धावला. मग पुन्हा पाराशी येऊन उभा राहिला आणि त्याला रडू फुटलं. मला त्याची दया येते, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी जेवणाची पाळी कुंभारीणमावशीची होती. ती उष्टं ताट उचलत म्हणाली, “बाळा, तुझा विचार व्हावा म्हणून आम्ही तुला जेवू घालत होतो. तू जेवण मिळावं म्हणून विचार करत होतास.”

दुसऱ्या दिवशी पारावर कुणीच ताट आणलं नाही. गावाने ती रीतच मोडली आणि पहिला घरच्या शेतीला लागला.

पुढे दुसरीचे साकव गावभर उभे राहिले. तिसऱ्याने शिकून येऊन थेट नदीवर पूल घातला. पहिला रोज डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या पुलावरून जाई. कुठली फळी किती बोटं सरकली आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगे. सांगायचा ते अगदी बरोबर असायचं. लोक ऐकून घेत आणि पूल ओलांडून आपल्या कामाला जात.

तात्पर्य: चुकीची वाट धरलेल्याला माघारी फिरून बरोबर वाटेला लागता येतं, पण जो निघतच नाही त्याला चूक सुधारायचीही सोय राहत नाही.