शेपटीवरचा एक ग्रॅम

एकदा एका गृहस्थाने विमान बांधले. खरे नव्हे, हलक्या फोमचे, हातभर लांबीचे, रिमोटवर उडणारे. गृहस्थाचे नाव रणधीर, वय चाळीस. या विद्येत तो एका वृद्ध मास्तरांचा शिष्य होता. अशी विमाने करण्यात मास्तरांचा जन्म गेला होता, आणि दर रविवारी गावाबाहेरच्या माळावर ते हौशी लोकांना शिकवीत.

रणधीरचे वडील, आबा, गावाहून चार दिवसांसाठी आले होते. पोराने केलेले विमान उडताना बघायचे, एवढीच त्यांची हौस. तीन दिवसांत विमान तीनदा पडले. दर वेळी रणधीर म्हणे, वारा होता. आबा समजूतदारपणे मान डोलवीत, आणि तीच गोष्ट त्याला फार लागे. चौथ्या दिवशी दुपारी आबांची परतीची एसटी होती.

त्या सकाळी तो विमान घेऊन मास्तरांकडे गेला. "मास्तर, वजन उतरवायचंय. चाकं काढली, रंग खरवडला, पंखही घासून पातळ केले. तरी जडच. आता तोलासाठी नाकात घातलेलं शिसं काढतो. चांगलं पंधरा ग्रॅम आहे."

मास्तरांनी विमान दोन बोटांवर तोलले, शेपटीवरून अंगठा फिरवला. मग ब्लेड घेतले आणि शिशाला हातही न लावता शेपटीच मुळापासून कापून टाकली.

रणधीरने कापलेला तुकडा उचलला. "अहो, तेवढीच एक जागा मजबूत होती! मोडली की दर वेळी ग्लू भरला, वर चिकटपट्टी मारली..."

मास्तरांनी शांतपणे पातळ फोममधून नवी शेपटी कापली, चिकटवली. मग नाकातले शिसे उपटून शिष्याच्या तळहातावर ठेवले. विमान मास्तरांच्या बोटांवर सरळ राहिले.

"शेपटी तोलाच्या जागेपासून लांब असते," मास्तर म्हणाले. "तिथं एक ग्रॅम चढवलास, तर नाक तीन ग्रॅम मागतं. तू मोडण्याच्या धास्तीनं पाच ग्रॅम पट्ट्या लावल्यास, म्हणून हे पंधरा ग्रॅम शिसं आलं. जड विमान वेगानं आपटतं, शेपटी पुन्हा मोडते, तू पुन्हा पट्टी मारतोस. नुसतं शिसं काढलं असतंस, तर नाक वर करून पडलं असतं. अरे, पडण्याची एवढी तयारी केलीस, की उडायचं राहूनच गेलं."

"आणि ही शेपटी मोडली तर?"

"मोडेल की. फोमच आहे."

रणधीर ओशाळून हसला. आपण पंखांना, चाकांना, वाऱ्यालासुद्धा दोष दिला. ज्या जागेचा अभिमान वाटत होता, तिच्याकडे मात्र पाहिले नाही, हे त्याला कळून चुकले. आपण सगळेच घरीदारी हेच करतो. कुठे एकदा दुखावलो, की तिथे थरावर थर चढवतो, आणि मग आयुष्य जड झाले म्हणून भलतीच जागा खरवडत बसतो.

एसटीला तासभर असताना त्याने माळावर आबांसमोर विमान हाताने सोडले. ते डुलले, क्षणभर खाली आले आणि अलगद वर चढले. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला रणधीरला जुनी धास्ती वाटली. अब्रू राहिली तेवढ्यात उतरवावे, म्हणून त्याने वेग कमी केला.

तेव्हा आबांनी वर बघतच त्याच्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, "आत्ताच नगं रं खाली आणूस. पडलं तर पडलं."