बापूसाहेबांच्या दोन गाड्या

कासारखेड्यात एक भोळा ड्रायव्हर होता, गेनू. सांगितलेलं एक अक्षर तो विसरत नसे, आणि सगळा घोटाळा तिथूनच व्हायचा.

त्याचे मालक बापूसाहेब दिघे. त्यांच्या दारात दोन गाड्या. एक वडिलांच्या वेळची काळी मोटार, दुसरी नवीकोरी, विजेवर चालणारी. जीव मात्र जुनीवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याला जुन्या मोटारींची मिरवणूक होती आणि पहिला मान बापूसाहेबांच्या मोटारीचा होता.

एकदा घाटात जुनी तापली. बापूसाहेब म्हणाले, “गाडी तापली की झाकण उघडून पाणी पाजायचं.”

“ध्यानात ठेवलं, मालक.”

दुसऱ्या दिवशी नवी उन्हात उभी होती. गेनूनं हात लावला तर चटका बसला. त्यानं झाकण उघडून तिला दोन घागरी पाजल्या. गाडी पंधरा दिवस हलली नाही.

“अरे गाढवा, हिला पाणी चालत नाही. ही थांबली की विजेची वायर जोडायची.”

“ध्यानात ठेवलं, मालक.”

पुढं बाजारात जुनी थांबली. गेनूनं पिठाच्या गिरणीतून वायर ओढली आणि मोटारीला जोडली. गावाची वीज गेली, गिरणीवाल्याची अर्धी मिशी गेली.

बापूसाहेबांनी कपाळावर हात मारला. “नव्या गाड्या छप्पन मिळतील रे. ही सोनं आहे, सोनं. जुनं ते सोनं.”

“ध्यानात ठेवलं, मालक.”

दसरा आला. बापूसाहेब देवळात निघाले. “गेनू, दारात येईल त्याला सोनं दे. कुणी रिकाम्या हातानं जाता कामा नये.”

मालकांचं मन एवढं मोठं असेल असं गेनूला वाटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं पाना हातात घेतला.

बापूसाहेब परतले तेव्हा वाटेत गुरव चाक ढकलत येत होता. शिंपीणकाकूंच्या कडेवर दिवा होता. तालमीतले चार पैलवान इंजिन उचलून चालले होते. जो तो वाकून नमस्कार करत होता. बापूसाहेब धोतर सावरत घराकडे पळाले.

“माझी मोटार कुठं आहे?”

“सगळ्यांना पुरली, मालक.”

“अरे, टोपलीभर आपट्याची पानं ठेवली होती ना?”

“ती शेळीला घातली.”

“आणि ही नवी बरी राहिली?”

“ती कुठं सोनं आहे?” गेनू म्हणाला. मग राखून ठेवलेलं स्टिअरिंग त्यानं मालकांच्या हातात दिलं आणि पाया पडला. “सोनं घ्या, मालक. सोन्यासारखं राहा.”