त्र्यंबकरावांनी झाकलेली विहीर

राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत कुंभेरी नावाचं एक छोटं संस्थान होतं. तिथे त्र्यंबकराव ताम्हाणे नावाचे वास्तुविशारद राहत. गाव त्यांना इंजिनेरसाहेब म्हणे. कुंभेरीचा पूल त्यांचा, कचेरी त्यांची, शाळा त्यांची आणि घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी मंडईही त्यांचीच. माणूस हुशार, कष्टाळू, कामाला चोख. पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. एक इमारत पुरी होते न होते तोच दुसरीचा ध्यास. आणि या सगळ्या धावपळीच्या तळाशी एकच घोर: आपण गेल्यावर लोक आपलं नाव घेतील ना?

मंडईपुढे भाजीवाल्यांसाठी उघडा ओटा बांधायचा होता. तो खणताना एक जुनी कोरडी विहीर लागली. ती तळापासून दगड-चुन्याने भरून काढायची तर बरेच महिने मोडणार होते, आणि राजेसाहेबांना राणीच्या ज्युबिलीला मंडई उघडायची घाई. त्र्यंबकरावांनी विहिरीच्या तोंडावर लांब शिळा टाकल्या, वर फरशी बसवली आणि हात झटकले. भाजीच्या पाट्यांचा भार शिळा सहज पेलतील, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा होता. पुढेमागे कुणी त्यावर आणखी काही बांधील, हे मात्र त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

त्या काळी कामावरचे नकाशे खळ दिलेल्या तलम कापडावर काढत. काम संपलं की ती कापडं गरम पाण्यात घालत. खळ जाई, शाई जाई आणि हाती मऊसूत कापड येई. इंजिनेरांच्या घरची पोरं त्याच्याच टोपड्या-झबल्यांत वाढत. मंडईचं काम संपल्यावर धुवायचे नकाशे त्र्यंबकरावांनी स्वतः निवडून दिले, आणि विहिरीचा नकाशा सगळ्यांत आधी घंगाळात गेला. मग त्यांनी जाड कागदावर मंडईचं एक सुरेख रंगीत चित्र काढलं. त्यात ओट्याखाली जिथे विहीर होती तिथे करडा रंग भरून सलग कातळ दाखवला.

वर्षं गेली. त्र्यंबकराव म्हातारे झाले. राजेसाहेबांनी वस्तुसंग्रहालय काढायचं ठरवलं आणि त्यातलं एक दालन त्र्यंबकरावांच्या चित्रांना देऊ केलं. चित्रं काचेत बसली. त्र्यंबकराव रोज जाऊन ती पाहत, एखादी वाकडी वाटली तर सरळ करून घेत, आणि घरी आल्यावर ती पुन्हा कुणी वाकडी तर केली नसेल ना, म्हणून तळमळत.

अशात एकदा तरुण इंजिनेर दिनकर पोतनीस त्यांच्या पाया पडायला आला.

"साहेब, गावात नळ येतोय," तो उत्साहाने म्हणाला. "मंडईच्या ओट्यावर उंच खांब रोवून त्यांवर लोखंडी टाकी चढवणार. तुमच्या चित्रात खाली सलग कातळ आहे ना, म्हणून तीच जागा धरली."

"तिथे नको," त्र्यंबकराव घाईने म्हणाले. "मंडईची शोभा जाईल."

पोतनीस हसला. "तहानलेल्याला शोभा काय करायची, साहेब?"

तो गेला आणि त्र्यंबकराव उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी छत्री घेऊन ते मंडईत गेले. ओट्यावर, नेमक्या त्या जागी, भामाबाई कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली होती.

"इंजिनेरसायेब, टाकी हितंच हुनार म्हनं," ती म्हणाली. "लई चांगलं झालं बगा. वर पानी, खाली सावली. म्या तर जागा सोडायची न्हाई आता."

त्र्यंबकरावांपुढे पेच पडला. बोलावं तर दालन जाईल, जन्मभराचं नाव जाईल. गप्प बसावं तर ही बाई टाकीखाली बसणार. ते तडक संस्थानच्या दिवाणसाहेबांकडे गेले आणि एका दमात सारं सांगून टाकलं.

दिवाणसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्र्यंबकराव, वयोमानाने माणसाला नाही नाही ते वाटतं. तुमचं चित्र काय सांगतं? कातळ. आम्ही त्यावर विश्वास ठेवायचा की तुमच्या या घालमेलीवर? घरी जा, विश्रांती घ्या."

आता याला काय म्हणावं! माणसाने आयुष्यात एकच लबाडी करावी आणि ती इतकी सफाईने करावी की पुढे त्याचं खरं बोलणंही कुणी ऐकू नये.

घरी येऊन त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, मंडईचा तो कापडावरचा नकाशा... विहिरीचा. एखादा तुकडा तरी असेल ना?"

"कुठला असणार?" गिरिजाबाई म्हणाल्या. "त्याचं टोपडं केलं होतं आपल्या वेणूला. वेणूची पोरंसुद्धा आता शाळेत जायला लागली. आणि अहो, धुवायला तुम्हीच तर दिला होतात. मी म्हटलं होतं, एवढा मोठा गोल काढलाय, कामाचा असेल. तर माझ्यावरच ओरडलात."

त्र्यंबकराव परसात गेले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि भर बाजारातून मंडईकडे निघाले. ओट्यापाशी येऊन त्यांनी भामाबाईला हात जोडून उठवलं आणि फरशीवर पहार घातली. लोक जमले. हमाल हसले. म्हातारा धापा टाकतोय, पण थांबत नाही, हे पाहून त्यांचं हसू ओसरलं. एकाने पहार हातात घेतली, दुसऱ्याने फरशी उचलली. शिळेच्या फटीतून त्र्यंबकरावांनी एक खडा आत टाकला. क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग खोल कुठेतरी टप्प असा आवाज झाला.

भामाबाईने कपाळाला हात लावला. "अगं आई गं! म्या एवढी वर्सं हिच्यावर बसली व्हय?"

तोवर पोतनीसला घेऊन दिवाणसाहेब धावत आले होते. त्र्यंबकराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही विहीर मला ठाऊक होती. मी ती बुजवली नाही, नुसती झाकली. आणि चित्रात खोटा कातळ काढला." बोलताना त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

विहीर तळापासून भरली गेली. टाकी टेकडीवर गेली. संग्रहालयातली चित्रं उतरली आणि त्या दालनात पेंढा भरलेला वाघ उभा राहिला. त्र्यंबकराव तो बघायला गेले नाहीत. त्यांनी घरी बसून मंडईचा नवा नकाशा काढला. त्यात विहिरीचा गोल दाखवला, आणि खाली लिहिलं: 'इथे विहीर होती. मी ती लपवली होती. त्र्यंबक ताम्हाणे.' कागद पोतनीसच्या हवाली केला आणि त्या दुपारी ते गाढ झोपले.

पुढे संस्थान गेलं. माळ्यावर टाकलेली रंगीत चित्रं वाळवीने खाल्ली, आणि कुणाला त्याची हळहळही वाटली नाही. तो एक कागद तेवढा नगरपालिकेच्या कपाटात राहिला. घड्यांवर फाटलेला, खळीने चिकटवलेला, हाताळून मळलेला. मंडईत कुठेही कुदळ मारायची झाली की आजही कुणीतरी म्हणतं, "थांबा, आधी ताम्हाण्यांचा कागद काढा."

तात्पर्य: आपण झाकलेल्या चुकीवर उद्या दुसरा कुणी विश्वासाने पाय ठेवतो, म्हणून चूक झाली तर ती आधी आपल्याच हाताने उघडी करावी.