डावा की उजवा

"सांगा ना माय, एखाद्या माणसाला सांगायचं तरी किती वेळा?"

दौलत निंबार्ते मास्तरांनी हे विचारलं, तेव्हा चंद्रामाय झोपडीपुढच्या ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, ती एवढी एकच झोपडी. माय तिथे चाळीस वर्षं एकट्या राहत होत्या. अंगावर भगवं नव्हतं, गळ्यात माळ नव्हती, प्रवचन तर कधीच नव्हतं. तरी आसपासच्या गावांतली माणसं काही अडलं की पाळ चढून येत.

माय लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणत.

"तू किती वेळा सांगितलंस?"

"वीस वर्षं सांगतोय."

"कोणाला?"

"गुलाबला. गुलाब शहारे, आपल्या भागातला पोस्टमन होता तो. पहिलीपासून आम्ही एका बाकावर."

"तो ऐकत नाही?"

"नाही."

मास्तर जवळच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण पाठीचा कणा अजून ताठ होता. पहाटे उठून सहा किलोमीटर चालायचं, मग सूर्यनमस्कार. साखर नाही, चहा नाही. आजवर कोणाच्या आधारानं उठलो नाही, असं ते स्वतःच सांगत. पाळीची चढण आपण न थांबता चढलो आणि दम लागला नाही, हेही त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

"शुगर आहे त्याला," मास्तर म्हणाले. "मी तक्ता करून दिला. सकाळी काय खायचं, दुपारी काय, किती चालायचं, सगळं. त्याच्या भिंतीवर स्वतः चिकटवून आलो. आणि हा गडी चौकात उभा राहून जिलबी खातो! मी डोळ्यांनी पाहिलं. तिथेच, सगळ्यांसमोर सुनावलं त्याला."

"काय सुनावलंस?"

मास्तर जरा थांबले.

"म्हटलं, काय खावं ते जनावरालाही कळतं. म्हटलं… मरशील तेव्हा मला बोलवू नकोस."

मायनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"त्यानं बोलणं टाकलं. मग मीही टाकलं. आठ महिने झाले. काल त्याची सून आली होती, शीला. पायाला जखम झालीय म्हणे, चिघळलीय. डॉक्टर म्हणतात दोन बोटं काढू, नाहीतर पाय जाईल. पाय गेला तर… पुढचं काही सांगता येत नाही. आणि हा ऑपरेशनला तयार नाही. शीला म्हणते, काका, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

"मग?"

"मग काय? वीस वर्षं ऐकलं नाही, ते आता ऐकेल? ज्याला स्वतःलाच जगायचं नाही, त्याच्या दारात मी पुन्हा कशाला जाऊ? तुम्हीच सांगा."

मास्तर विचारायला आले होते खरे. पण त्यांना ऐकायचं होतं ते एवढंच, की जाऊ नकोस.

तलावात एका पाणकावळ्यानं बुडी मारली आणि तो लांब जाऊन वर आला. माय तिकडे बघत होत्या…

मग त्यांनी दोन्ही पाय मास्तरांपुढे लांब केले.

"नखं वाढलीत," त्या म्हणाल्या. "मला वाकवत नाही आता. आत कोनाड्यात नेलकटर आहे."

मास्तरांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"मी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

मास्तर आत गेले. नेलकटर घेऊन आले, खिशातला चष्मा काढला आणि ओट्याखाली मातीत बसले. मायच्या पायावर त्यांनी आजवर कितीतरी वेळा डोकं ठेवलं होतं, पण पाय असा कधी पाहिला नव्हता. टाचांना खोल भेगा. एक बोट दुसऱ्यावर चढलेलं. नखं पिवळी आणि इतकी जाड, की नेलकटर त्यांत शिरेना.

"भिजवायला हवीत," मास्तर म्हणाले.

"भिजव मग."

चुलीवर पाणी होतं. त्यांनी ते घमेल्यात ओतलं, गार पाणी घालून बोट बुडवून पाहिलं, पुन्हा थोडं गार घातलं. मायचे पाय उचलून आत ठेवले. पाय अगदी हलके होते.

नखं मऊ होईपर्यंत मास्तर घमेल्यापाशीच बसून राहिले.

मग मास्तर एकेक नख कापू लागले. चढलेल्या बोटाशी आले तेव्हा माय किंचित दचकल्या.

"दुखलं का?"

"नाही."

त्यांनी ते बोट दोन बोटांत धरलं आणि आणखी सावकाश कापू लागले.

"गुलाबची जखम कोणत्या पायाला आहे?" मायनी विचारलं.

मास्तरांचा हात थांबला.

"डाव्या… नाही, उजव्या असेल."

"असेल?"

मास्तर मायच्या पायाकडे बघत राहिले.

"शीलानं सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही."

माय पुढे काही बोलतील म्हणून मास्तर थांबले. माय म्हणाल्या, "करंगळी राहिली."

त्यांनी करंगळीचं नख कापलं. पदरानं पुसायला माय वाकू लागल्या, तर मास्तरांनी आपल्या उपरण्यानं पाय कोरडे केले. बोटांच्या बेचक्यांतलं पाणीही टिपून घेतलं. नेलकटर कोनाड्यात ठेवून बाहेर आले, तोवर मायनी उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले होते.

मास्तर थोडा वेळ उभे राहिले. मग पाळ उतरून गेले.

*

गुलाब अंगणात खाटेवर पडला होता. मास्तरांना फाटकातून येताना पाहून त्यानं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"शीलानं धाडलं ना तुले? सांग मंग. सांगून टाक अन् जाय."

मास्तरांनी स्टूल ओढलं. खाटेच्या पायथ्याशी बसले.

"कोणता पाय?"

"तुले काय करायचं?"

"दाखव."

गुलाब हलला नाही. मास्तरांनीच पांघरूण वर केलं.

डावा पाय होता. पट्टीतून पिवळं पाणी झिरपलं होतं आणि वास येत होता. शीलाला नर्सनं पट्टी बदलायला शिकवलं होतं. तिनं औषधाचं पाणी आणि कापूस आणून दिला. ती सांगत गेली तसं मास्तर करत गेले. पट्टी चिकटली होती. ती ओढायची नाही, भिजवून सोडवायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं.

मास्तरांनी आयुष्यभर मुलांचे गुडघे-कोपरे बांधले होते. पण असं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जरा मांडीवर ठेवला. मग पुन्हा कापूस उचलला.

"आता सांगशील ना," गुलाब भिंतीकडे बघत म्हणाला. "म्हणशील, पाह्य, तुह्याच कर्मानं झालं."

"नाही."

"काहून?"

मास्तर जखम पुसत राहिले.

शेवटी गुलाबच म्हणाला, "या पायानं बावीस गावं चाललो मी, दौलत. तीस वर्षं. पुरात चाललो, उन्हात चाललो. एक पत्र नाही हरवलं. आता त्याचीच बोटं कापतो म्हणते तो डॉक्टर. आज बोटं, उद्या घोटा, परवा गुडघा… मंग खाटेवर काय राहीन, सांग?"

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. वेळीच कापलं तर पुढचा पाय वाचतो, डॉक्टरांनी हेच तर सांगितलंय, उशीर झाला तर… सगळं अगदी ओळीनं आलं. त्यांनी ते गिळलं.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू घाबरला आहेस ते."

"घाबरलो नाही बे," गुलाब म्हणाला आणि त्यानं कोपरानं डोळे झाकले.

नवी पट्टी बांधून झाली. मास्तर उठले नाहीत.

"अन् ते जिलबीचं," कोपराआडून गुलाब बोलला. "नात दहावी पास झाली होती त्या दिवशी. चौकातच पेढे-जिलब्या वाटत सुटली होती. आपल्या हातानं तुकडा भरवला तिनं. नाही म्हणू तिले?"

"मी विचारलंच नाही रे."

"नाहीच विचारलं तू."

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर चालायला निघाले आणि सहा किलोमीटरच्या रस्त्यावर न जाता गुलाबच्या घरी आले. तिसऱ्या दिवशीही आले. पट्टी बदलायची, पाणी तापवायचं, मग ओसरीत बसून दोघांनी जेवायचं. ज्वारीची भाकर, दुधी, कमी तेलाची डाळ. तोच तक्ता.

"हे असलं तू रोज जेवतो?" गुलाबनं विचारलं.

"रोज. वीस वर्षं."

"अन् कोणासंगं?"

मास्तरांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला होती. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि डाळीत बुडवला, पण तोंडाशी नेला नाही.

गुलाबनं आपल्या ताटातली मिरची उचलून त्यांच्या ताटात ठेवली.

"जेव," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी पट्टी बांधून होत होती, तेव्हा गुलाब अचानक म्हणाला, "डॉक्टरले सांग, कापा म्हणा. पण तू दारापाशी उभा राह्य. कुठं जाऊ नको."

जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मास्तर दारापाशी उभे राहिले. शीलानं बाक दाखवला, तरी बसले नाहीत. उभं राहायचं कबूल केलं होतं. दोन बोटं गेली. पाय वाचला.

जखम भरायला दोन महिने लागले. या काळात दोघं तीनदा भांडले. एकदा गुलाबनं चौकातून साखरेचा चहा मागवून घेतला आणि संध्याकाळी मास्तर आले तेव्हा आपणच सांगितलं, "पेलो मी आज." मास्तरांचे कान लाल झाले. ते अंगणात जाऊन दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "बरं. उद्या लवकर उठ, चालायचंय."

पहिल्या दिवशी गुलाब काठी टेकत फाटकापर्यंत गेला. मग कडुनिंबापर्यंत. मग शाळेच्या मैदानापर्यंत. सहा किलोमीटर चालणारे मास्तर त्याच्या शेजारून पाऊल पाऊल चालत. रस्त्यात भेटेल त्याच्याशी गुलाब बोलत थांबे. बावीस गावांत त्याला न ओळखणारं कोणी नव्हतं. मास्तरही थांबू लागले. कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाची लेक बाळंतपणाला आली, हे त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच कळत होतं.

चैत्रात एके सकाळी गुलाब म्हणाला, "चाल, तुह्या मायले भेटू."

पाळीच्या चढणीवर दोघं चारदा थांबले.

चंद्रामाय ओट्यावर बसून चिंचा फोडत होत्या. गुलाबनं काठी काखेत धरून हात जोडले. मास्तर मातीत गुडघे टेकून बसले आणि मायच्या पायावर डोकं ठेवलं.

"माय," ते म्हणाले, "मी विचारलं होतं त्याचं उत्तर तुम्ही दिलंच नाही."

"नाही दिलं."

"पण हा बरा झाला बघा."

मायनी गुलाबकडे पाहिलं. त्याच्या पायाकडे, मग तोंडाकडे. हसल्या. आणि पुन्हा चिंच फोडू लागल्या.

मास्तर उठायला गेले, पण गुडघा धरला होता. त्यांनी तळहात जमिनीवर टेकला, जोर केला आणि परत खाली बसले. दुसऱ्यांदा जोर केला. कपाळावर घाम आला.

गुलाबनं काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात मास्तरांपुढे धरला.

"राहू दे, राहू दे," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "जमतं मला. तू आपला पाय सांभाळ."

गुलाबनं हात मागे घेतला नाही. तोल सावरत तसाच उभा राहिला.

मास्तर त्या हाताकडे बघत राहिले…

मायनी चिंचेचा चिंचोका बाजूला टाकला. मान वर न करता म्हणाल्या,

"घे ना रे तो हात. त्याला अजून पुरतं बरं व्हायचंय."